कोरडी

पास्कोल रेबेलोने बाटली आणली
टॉवेलात गुंडाळून, आजारी कोंबडं आणावं तशी.
अकरा वर्षं डॅन्यूबवरच्या बोटीत
त्याने परक्या लोकांना वाढलं.
आता गुडघे वाढू देत नाहीत,
म्हणून असोळण्यात परत, माझ्या कुंपणापलीकडे,
आणि ही एकच बाटली, हिरव्या काचेची,
खोकल्याच्या औषधासारखं फिरकीचं झाकण.

"टीचर, ही ड्राय."
मी म्हटलं, पास्कोल, ओली वस्तू कोरडी कशी?
चौतीस वर्षं विरुद्धार्थी शब्द शिकवले मी,
ओला-कोरडा पहिल्याच पानावर.
तो म्हणाला, साखर नाही तिच्यात.
होती.
तिनेच खाऊन टाकली, आतल्या आत.

नाव विचारलं तर घसा खाकरल्यासारखं
काहीतरी म्हणाला. ग्रूनर फेल्टलिनर.
ग्रूनर म्हणजे हिरवी.
मी मनातल्या पाटीवर लिहून घेतलं,
ऱ्हस्व-दीर्घ त्या देशावर सोडून.

स्टीलचे पेले चालणार नव्हते त्याला.
शाळेच्या निरोपसमारंभात मिळालेले काचेचे सहा ग्लास
पहिल्यांदा खोक्यातून निघाले. पाच. एक तडकलेला.

तिथे काय खातात हिच्याबरोबर?
वासराच्या मांसाचा कागदासारखा काप,
पावाच्या चुऱ्यात घोळून तळलेला, वर लिंबू.
(आपला रव्यातला लेपो, मी मनात म्हटलं, अंगाने जरा सुटलेला.)
आणि वसंतात शतावरीचे पांढरे कोंब,
ज्यांच्याशी दुसऱ्या कुठल्या वाईनचं पटत नाही.

कोंब म्हटल्यावर मी उठले.
बरणीत मिठातले किल्ल होते, पावसाळ्यापासूनचे.
धुतले, पिळले, खोबरं घालून परतले.
दुपारचं बांगड्याचं हुमण होतंच,
तेफळं जरा जास्त पडलेलं.

पहिल्या घोटाला वाटलं, एवढ्यासाठी?
लिंबाची साल, कच्चं सफरचंद,
पावसात भिजलेला दगड चाटावा तसं काही.
मग गिळून झाल्यावर, अगदी मागे,
कुणीतरी पांढरी मिरी दाताखाली फोडली.
हुमणाचा घास घेतला, पुन्हा घोट.
तेफळाने जीभ बधिर करायला घेतली होती
ती तशीच थांबली, ओळखीचं कुणी दारात दिसल्यासारखी.
"पळयलें?" पास्कोल म्हणाला. फक्त तेवढंच.
टेबलावर वाढणारा माणूस तो,
खाणाऱ्याचा चेहरा वाचायची सवय.

दोदोलावर मात्र ती फिसकटली.
नुसती आंबट, अंगावर आली.
गोडाशी तिचं बोलणं नाही, तो म्हणाला,
आणि उरलेला दोदोल स्वतःच खाल्ला.

गावात मलाही कोरडी म्हणत.
दत्ताराम गेले तेव्हा मी रडले नाही,
तेराव्यानंतर तिसऱ्याच दिवशी वर्गात उभी,
सहावीला समास शिकवत.
लोक डोळे पुसत यायचे आणि
माझ्याकडे बघून रुमाल खिशात ठेवायचे.

त्या महिन्यात बोटीवरून एक कार्ड आलं होतं.
नदी, आणि काठाने पायऱ्या पायऱ्यांचे द्राक्षमळे.
मागे माझा पत्ता, व्यवस्थित, पिनकोडसकट.
मजकुराच्या जागी काही नाही.
मी ते तांदळाच्या डब्याच्या झाकणाला
आतून चिकटवलं होतं. आज काढून दाखवलं.
"काय लिहावं कळलं नाही," तो म्हणाला.
"चार वेळा सुरुवात केली."
मी म्हटलं, बरं केलंस.

बाटलीत तीन बोटं उरली आहे.
आता ती माझ्या फ्रिजमध्ये, ताकाच्या भांड्याशेजारी,
झाकण घट्ट लावून. दोन दिवस टिकेल म्हणतो.
उद्या सोमवार, मी मासे खात नाही.
परवा आंजेलिन साळ नदीतल्या तिसऱ्या घेऊन आली
तर सुकं करीन, म्हटलं, नारळ जरा हात राखून.
सुक्याबरोबर कोरडी.
तो हसला नाही. व्याकरण त्याला कधीच जमलं नाही.
टॉवेल विसरून गेला.