लोंढा, १९४८, आवाज नाही

डब्यावर निळ्या पेन्सिलीनं एवढंच लिहिलेलं.
झाकण उघडलं तसा विनेगरचा वास दुकानभर.
"आमच्या सणाच्या सैपाकासारखा येतोय की,"
नव्वदीच्या क्लोतिल्दाबाई म्हणाल्या.
मी म्हटलं, फिल्म कुजली की असाच येतो.
त्यांना ते आवडलं नसावं.

टिळकवाडीत पहिल्या गेटाजवळ माझं दुकान.
लग्नाच्या कॅसेटी पेनड्राइव्हवर उतरवून देतो,
बारशी, मुंजी, एखादी अंत्ययात्रा.
खरं हे सोळा एमएमचं रीळ
हातानं, इंचाइंचानं ओढावं लागलं,
ताप आलेल्या पोराला औषध पाजावं तसं.

तीन मिनिटं अकरा सेकंद.
रेल्वे इन्स्टिट्यूटचा हॉल, पताका,
खुर्चीवर कुणीतरी विसरलेली हॅट.
पाचजण.
लोको शेडचे दोघे सख्खे भाऊ, गिटारी मांडीवर;
तिसरी गिटार खानापूरच्या हुसेनसाब नदाफाकडं;
मागं, स्वतःपेक्षा उंच बास कवेत घेऊन
बसलिंगप्पा बडिगेर. तो बास त्यानंच केलेला,
इंजिनाचे सुटे भाग विलायतेहून ज्यातनं आले
त्या खोक्याच्या फळ्यांचा.
आणि पुढं, हनुवटीखाली व्हायोलिन दाबून
मालगाडीचा गार्ड साल्वादोर.
लढाई संपून तीन वर्षं झालेली.
छावणीतले सोल्जर जाताना तबकड्या विकून गेले,
त्या झिजेपर्यंत ऐकून
रात्रपाळी नसेल तेव्हा हे जाझ वाजवायचे.

पाय ठेका धरतात, कुणीतरी ओरडून दाद देतो.
आवाज नाही.

म्हणून शहापूरच्या हुक्केरीकर मास्तरांना बोलावलं.
चष्मा कपाळावर चढवून
ते साल्वादोरची बोटं वाचायला लागले.
गंधार... थांब, कोमल... आता मधली तार...
गाऊन दाखवलं.
क्लोतिल्दाबाईंनी मान हलवली. हे नव्हे.
परत.
हे नव्हे.

चहा आला. माझं लक्ष उगीच
पताकांच्या आडच्या पाटीकडं गेलं.
'थुंकू नये'.
अक्षरं पाठमोरी.
रीळ मी उलट्या अंगानं लावलं होतं.

फिरवलं.
पाटी सुलट झाली, हॅट पलीकडं गेली,
आणि साल्वादोरचा गज
डाव्या हातात आला.

"आता चुकलं," मास्तर म्हणाले,
"डावरा व्हायोलिनवाला मी जन्मात बघितला नाही.
पाटीच चुकली असेल."
पाटी कशी चुकेल, मास्तर?
"चुकते की," कोपऱ्यातनं ईरण्णा बडिगेर,
बसलिंगप्पाचा धाकटा.
"लोंढा जागचं हललं नाही,
हे रीळ काढलं तेव्हा मुंबई इलाख्यात होतं.
पाट्या आपण लई बघितल्यात."
कुणी फारसं हसलं नाही.

क्लोतिल्दाबाई पडद्याच्या इतक्या जवळ गेल्या
की भावाचा कोपर त्यांच्या पातळावर हलायला लागला.
"हाच. हाच आमचा साल्वादोर.
इगर्जीतल्या मेस्तानं दोन वर्षं
डावा हात सुतळीनं बाकाला बांधलान त्याचा.
मग उजव्यानं जेवायचा, सही करायचा,
झेंडी दाखवायचा.
फिडल तेवढं डाव्यानं.
फिडल दुसऱ्याचं, तारा कोण बदलून देतंय?
तसंच वाजवायचा, उफराटं."

तारा उफराट्या!
मास्तर उभेच राहिले.
जाड तार जिथं धरली होती तिथं बारीक,
तासाभराचं वाचलेलं सगळं पाण्यात.
पुन्हा पहिल्यापासून, बोटाबोटानं,
म्हातारपणी बाराखडी गिरवावी तसे.
चार सूर नीट लागले.
पाचव्याला क्लोतिल्दाबाई त्यांच्या पुढं गेल्या,
थोड्या बेसूर, दम खात,
बोट तारेवर टेकायच्या आधी
सूर तिथं हजर.

ईरण्णा गोदरेजच्या कपाटावर चार बोटांनी
बापाचा ठेका धरून होता.

रीळ संपलं.
पांढऱ्या उजेडात नुसता एक केस थरथरत राहिला.
बाहेर गेट पडलं, मालगाडी आली,
कपाटावरच्या काचेच्या वस्तू वाजायला लागल्या.
ईरण्णा थांबला नाही.
चाकांशी जुळवून घेतलं त्यानं.