एका मात्रेची जागा

धुळ्यात, आग्रा रोडच्या आतल्या गल्लीत
भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेली खोली.
शहाण्णव साल. एक माइक, आठ माणसं,
आणि सारखा घड्याळ बघणारा कॅसेटवाला.

केयीना बागमा फुटनी
इथवर आलं होतं गाणं
आणि शेजारच्या घरात कुणीतरी
भरताच्या मिरच्या टाकल्या तव्यावर.
ठसका खिडकीच्या फटीतून आत आला
नि माझ्या क्लॅरोनेटवरच बसला.
मी खोकला गिळला.
त्याच्यासोबत सूरही गेला.
एक मात्रा रिकामी.
मग
बांगडी.

"परत घेऊ," मी म्हणालो.
"टेप काय तुन्हा सासरा दी का?"
राहिलं ते तसंच.
कव्हरवर छापून आलं: शेवंताबाई शिरसाठ आणि पार्टी.
पार्टीत मी.

चोपड्याला उतरलो तर गाणं माझ्या आधी पोचलेलं.
बँडमास्तर सुपडू मिस्तरी पानटपरीवर बसून
कॅसेट ऐकत पेन्सिलीनं सरगम लिहीत होता.
त्या जागी त्यानं आडवी रेघ ओढली.
"मास्तर, ती चूक शे मन्ही."
"व्हती," तो म्हणाला. "आते ती चाल शे."

वरातीत रेघेवर बासड्रम बसला.
नवरदेवाचे दोस्त नेमके तिथंच उडी मारायचे,
पाय जमिनीवर यायच्या आत बांगडी फुटायची.

कानबाईच्या रात्री बायांनी शब्दच बदलले,
केयीना बागमा उतरनी
आणि एक टाळी,
आणि कानबाई.
रोट खाताना मी कुणाला काही बोललो नाही.

अडावदच्या उरुसात कव्वालानं बागेचं गुलशन केलं,
रिकाम्या जागेत नुसतं "हाय" म्हणाला,
दहाच्या तीन नोटा आल्या त्या हायवर.
माझ्या खोकल्याला एवढे कधी कुणी दिले नव्हते.

पंचायतीच्या निवडणुकीत रिक्षा फिरली.
फुटनी... कंगवा! कंगवा! कंगवा!
(पडला तो. सव्वीस मतांनी.)

मग डीजेवाले आले,
त्यांनी तिथं भोंगा घातला,
मांडणीतले स्टीलचे पेले चालत कडेपर्यंत आले.

वैजापूरच्या पलीकडे, भोंगऱ्याच्या बाजारात
खुमसिंग पावरा ते पावरीवर वाजवत होता.
शब्द त्याला नको होते, केळीची बागही नको.
कुठल्या वरातीतून उचललं, त्यालाही आठवेना.
पण ती जागा आली तसा
पावरी ओठापासून किंचित दूर धरली त्यानं,
टाच आपटली.
दम लागला म्हणून नव्हे. फुंकणाऱ्याला कळतं ते.

आता हर्षाली आलीय जळगावहून, शेवंताबाईची नात.
गिटार घेऊन माझ्या ओट्यावर बसलीय.
गाणं तिनं इतकं संथ केलंय
की पाळण्याशी म्हणावं, नाहीतर दहाव्याला.
फुटनीनंतर तिनं काहीच ठेवलेलं नाही,
तारांवर नुसता तळवा.
एक नव्हे, चार मात्रा.
गल्लीतली बकरीसुद्धा थांबली.

"आबा, आजी इथं का थांबायची?"

सांगायला तोंड उघडलं
आणि तीस वर्षांनी पहिल्यांदा मोजून पाहिलं.
सूर माझा गेला होता.
गळा तर तिचा शाबूत होता,
मिरचीनं डोळे तेवढे वाहत होते.
ती पुढं जाऊ शकली असती.
माइकच्या वरून तिनं माझ्याकडे बघितलं होतं,
बांगडी जिभेवर तशीच धरून,
माझा श्वास परत येईपर्यंत.

आणि मी ती चूक
एवढी वर्षं एकट्याची म्हणून मिरवली.

"मिरची," मी म्हणालो.
पोरगी हसली नाही.
वहीत लिहून घेतलं तिनं,
एखाद्या तालाचं नाव असावं तसं.
मी जिभेनं रीड ओली करत होतो.