रिकामी ओळ

केशर उजगरेच्या गाण्यात
तिसऱ्या कडव्यानंतर एक ओळ रिकामी असते.
वहीतसुद्धा तिथं नुसती रेघ.

धारूरच्या बाजारात ती तिथं आली,
माईक बायांकडं धरला.
“पिशवी काढली तवा वय किती व्हतं गं?”
मी डिमडीवर बोटं टेकवून उभा.

सव्वीस, कुणी म्हणालं.
चोवीस.
मुकादम म्हनला पाळी नको, खाडा नको. तेवीस.

मग मिरच्यांच्या ढिगामागून
माझ्या आईचा आवाज : बावीस.

सात वर्षांचा असताना
भाऊ पायजे म्हणून
मी तिच्या अंगावर तांब्या फेकला होता.

पुढचं कडवं डिमडीनं उचलायचं असतं.
केशरबाईनं मागं पाहिलं नाही.
थांबली.

खाट लागला असेल मिरचीचा.
मग कधीतरी
बोटं उठली.