अन्य वारस

नोरीन केनी, वय एक्क्याऐंशी, जिल्हा रॉसकॉमन, आयर्लंड,
हिचं पत्र मला आलं ते आडनावामुळे.
कुठल्याशा यादीत तिला सापडलो मी :
ह. बा. केणी, निवृत्त भूमापक, तळवली, जिल्हा ठाणे.
तिच्या पणजोबांचा धाकटा भाऊ टॉमस
बटाटे सडले त्यानंतरच्या कुठल्याशा वर्षी घरातून निघाला,
रेल्वेच्या कामावर लागला, आणि अठराशे त्रेसष्टला
ठाण्याहून एक पत्र लिहून गप्प झाला.
त्यात होतं : ओहोटीला इथली खाडी वास मारते.
बाकी पगार आणि ताप.

‘तुम्ही त्याचे कोण?’ तिनं विचारलं होतं,
जणू मी कोणीतरी आहेच.

बायकोला वाचून दाखवलं.
ती म्हणाली, आपला फोटो पाठवा, आपोआप मिटेल.
आम्ही आगरी. मिठागरात टाचा फुटलेली माणसं.
तिच्या आणि माझ्या मध्ये बाणातला ण उभा,
तिच्या जिभेला तो सात जन्मांत वळायचा नाही.

पण वंशावळ म्हटलं की माझे हात शिवशिवतात.
साडेबारा टक्क्यांच्या वेळी
अर्ध्या गावाच्या वंशावळी मीच काढल्या,
स्टॅम्पपेपरवर, लेकीसुनांसह, हक्कसोडपत्रांसह.
कोणाची आत्या कुठे दिली, कोण बिनलग्नाचा गेला,
लोक माझ्याकडे येऊन विचारायचे,
भाऊ, माझ्या आज्याचं नाव काय रे?

म्हणून एका मंगळवारी ठाण्याला गेलो.
तळावपाळीजवळच्या चर्चमध्ये ऑस्विन क्रियाडोनं
वही काढून दिली. म्हणाला, हळू, पानांची कुरडई झालीय.
ताप. ताप. पटकी. अकरा दिवसांचं मूल. ताप.
टॉमस तीन निघाले.
एक सार्जंट, एक पुलाखाली बुडालेला,
तिसऱ्याचं आडनाव कसरीनं खाल्लं होतं,
उरला होता नुसता के, पुढे भोक,
आणि भोकातून खालच्या पानावरचं
कोणाचं तरी लग्न दिसत होतं.
हाच म्हणून लिहा ना, ऑस्विन म्हणाला,
म्हातारी खूश होईल.

परतताना बस ऐरोलीच्या पुलावर अडकली.
खाली ओहोटी. वास.
आणि मला जोमाकाका आठवला.

वडलांचा थोरला भाऊ. चौपन्न साली जहाजावर चढला, खलाशी.
एडनहून एक पाकीट आलं,
आत कोऱ्या कागदावर निळा अंगठा.
पुढे काही नाही. विषय निघाला की आई म्हणायची,
जहाजाव जेला, आथा कय येतंय तो.

वंशावळीत मी त्याला धरला नाही.
धरला असता तर मृत्यूचा दाखला आणा,
नाहीतर बेपत्ता असल्याचा कोर्टाचा कागद आणा,
आणि प्लॉटची सोडत पुढच्या महिन्यात.
खाली लिहिलं : याशिवाय अन्य कोणी वारस नाहीत.
सही केली. माझं अक्षर चांगलं आहे.

नोरीनला खरं तेच कळवलं. एक के, एक भोक.
मी आपला कोणी लागत नाही.

उत्तरात तिचा तक्ता आला, घडी उलगडली तर पलंगभर.
त्यात टॉमसची चौकट कोरी,
पण भावांच्या ओळीत, आपल्या जागेवर,
तुटक रेषेनं जोडलेली.
तिच्या आईनं तशीच ठेवली होती, लिहिते,
आणि आईच्या सासूनंही.
खाली एक ओळ : नसलात तरी चालेल,
तुमच्याकडचं कोण कोण गेलं, कळवा.

रात्री कपाटातून माझी जुनी टेप काढली.
सेक्टर बावीस, साडेबारा टक्क्यांतला प्लॉट, वर सात मजले.
तीन भावांत तिसरा हिस्सा.
पॅसेजमध्ये लिफ्टच्या दारापासून मोजायला बसलो.
टेप सारखी गुंडाळून परत यायची.
बायकोनं दार उघडलं. काय हरवलंय, एवढ्या रात्री?

म्हटलं, टोक धर जरा.