चाळिसाव्या दिवसाचं जेवण

ओतियामामाचा डबा माझ्या टेबलावर आला
गुरुवारी, दहाच्या आत.
झाकणावर नाव, वय एकाहत्तर, गाव,
आणि खाली कुणीतरी पेन्सिलीनं : शोकाचं जेवण, कोंबडी.

मामा आहे, हे मी वहीत लिहिलं नाही.
वहीत रंग लिहायचा असतो, वास, रक्त आहे का.

रविवारी लामारामामीचा चाळिसावा दिवस होता.
द्राक्षाच्या मांडवाखाली शेजाऱ्यांची टेबलं जोडलेली,
सात्सिवी आदल्या रात्रीच केलेली,
अक्रोडाच्या वाटणात बुडालेली कोंबडी,
पातेलं व्हरांड्यात, कारण फ्रिज भरला होता
आणि इमेरेतीत यंदा ऑक्टोबरला
आपण ऑक्टोबर आहोत हे आठवतच नव्हतं.
मामा चषक उचलून उभा राहिला, म्हणाला,
पाहुणा देव पाठवतो.
अठ्ठावीस जेवले.
एकोणीस आडवे झाले.

शुक्रवारी लाल प्लेटीवर काळी बुबुळं उगवली.
इतकी, की मी झाकण लावून टाकलं.
साल्मोनेला.

पण प्लेट आरोपी दाखवते,
आळी दाखवत नाही.

मामाच्या आतड्यात एक आळी होती.
हवेचं वावडं असलेली बिऱ्हाडं,
कुतैसीच्या या खोलीत आणली असती
तर माझ्या उघड्या खिडकीनंच मेली असती.
राजम्याची सालं, मक्याच्या भाकरीचा चोथा,
मामाला जे पचत नाही ते त्यांचं दाणापाणी.
भाडं म्हणून भिंतीची चूल पेटती ठेवायची, एवढंच.
एकाहत्तर वर्षं कुणी वसुलीला गेलं नाही,
कुणी थकवलंही नाही.

हा आला तेव्हा त्याला बसायला जागा नव्हती.
घास नव्हता. सगळी पानं मांडलेली, भरलेली.
मग त्यानं भिंतीला नख लावलं.
भिंत पेटली.
शरीर धावलं त्याला मारायला, हातात येईल ते घेऊन,
आणि त्या आगीतून जी गंधकाची धग निघाली
तिच्यावर जुनी बिऱ्हाडं गुदमरली,
आणि हा,
हा तिच्यावरच श्वास घ्यायला लागला.

खाल्ल्या घरचे वासे मोजणारे मी पाहिलेत.
यानं मोजले नाहीत.
सरपण केलं.

झालनं औषधाच्या दुकानातून
सर्वांत महाग गोळ्या आणल्या, चिठ्ठीशिवाय.
मुलगाच तो, रात्रभर बापाला न्हाणीघरापर्यंत धरून नेणारा,
मी काय बोलणार.
गोळीला माणसं ओळखता येत नाहीत.
उरलेल्या आळीतून ती दारं न वाजवता गेली.

नोव्हेंबरात मामाचा दुसरा डबा आला.
प्लेट कोरी.
मी लिहिलं : आढळला नाही.
अहवालात जे नाही त्याला एकच ओळ असते.
आणखी कोण कोण नाही,
कोण परतलं, कोण कायमचं गेलं,
त्याला रकाना नाही. मी पान उलटून मागेही पाहिलं.

जानेवारीत गेले.
दार मामानंच उघडलं, सैल पट्ट्याला नवं भोक पाडलेलं.
चीज सोसत नाही. दूध नाही. वाइनचं नावच नको.
मी म्हटलं, सावकाश येतील.
कोण, त्यानं विचारलं.
मी सांगितलं थोडंसं, चोथ्याचं, भाड्याचं.
तो बराच वेळ चुलीकडे बघत राहिला,
मामीचं मातीचं मडकं तिथंच होतं, आत राजमा.

मग साध्या पाण्याचा पेला उचलून उभा राहिला.
गेलेल्यांसाठी, म्हणाला. सगळ्या.
आणि बसून, चमच्यानं,
बशीत सात दाणे मोजून घेतले.

उद्या आठ, म्हणाला.