तिसऱ्या ओळीतला खण

ग्रे टिकलची वीज तोडली त्याला मार्चात तीन वर्षं होतील.
चोवीस घरं, घरटी एक मत. तेवीस विरुद्ध एक.
मग सरकारी बोट आली,
खुर्च्या, फ्रीझर, देवळातला पायपेटीचा ऑर्गन
असं सगळं घेऊन गेली.
आता ते नुसतं खाडीचं नाव आहे.

मी इथे गँडरला, भाच्याच्या तळघरात
त्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर गोधडी शिवते.
शिवते म्हणायचं आपलं.
सुई नाही, अंगुस्तान नाही,
बोटांच्या सांध्यांनी कधीच राजीनामा दिलाय.
भाचा म्हणाला, मावशी,
माऊसला दोरा ओवावा लागत नाही.

सगळ्यांना लिहिलं :
घरातलं एक कापड. दिवसाउजेडी फोटो काढा.
दिवसाउजेडी कुणीही काढला नाही.
डल्सी पार्डीचा पडदा फोर्ट मॅकमरीहून आला,
ट्यूबलाइटखाली हिरवा पडलेला.
सेलाच्या आईचा टेबलक्लॉथ, कोपऱ्यात कुणाचं तरी बोट.
हबर्ट स्ट्रिकलंडची पिवळी ऑइलस्किन
खवल्यांसकट.
अब्रामकडे कापडच उरलं नव्हतं,
त्यानं पायरीवरच्या शेवाळाचा जुना फोटो धाडला.
तोही सहा इंच कापून बसवला. बसला.

सगळे रंग सारखे करायचं एक बटण असतं.
दाबलं.
तेवीस घरं एका ठाणातून फाडल्यासारखी दिसायला लागली.
एक पाऊल मागे गेले, लगेच.
ज्याच्या त्याच्या नव्या स्वयंपाकघराचा उजेड
ज्याच्या त्याच्या कापडावर राहू दिला.

घरं खाडीभोवती जशी होती तसेच खण लावले.
हबर्ट आणि डल्सी शेजारी शेजारी आले,
त्यांचं कुंपणावरून बावीस वर्षं वाजत होतं,
म्हणून मध्ये केसाएवढी फट ठेवली.

लिअँडर किपिंगकडून काही आलं नाही.
तो ‘विरुद्ध एक’ मधला एक.
लुइसपोर्टला राहतो, खिडकीसमोर पार्किंग.
फोन उचलतो, श्वास ऐकू येतो,
‘बघतो’ म्हणतो, ठेवतो.

तिसऱ्या ओळीत त्याची जागा तशीच उघडी.
आणि ह्या प्रोग्रॅमचं एक आहे,
जिथे काहीच नसतं तिथे तो
करड्या-पांढऱ्या बारीक चौकड्या दाखवतो.
मागे भिंत नाही, अस्तर नाही, समुद्र नाही
हे सांगायची त्याची रीत.
कितीतरी रात्री मी त्या चौकडीकडे बघत बसले.
कसं नेटकं विणलंय,
कुठे धागा सुटलेला नाही.

छपाईसाठी सेव्ह केलं तर ती गेली.
नुसतं पांढरं.
पांढरं म्हणजे बर्फ, पांढरं म्हणजे चादर,
पांढरं म्हणजे माफ केलं, विसरलं.
लिअँडरनं यातलं काहीएक केलेलं नव्हतं.

मग मी स्क्रीनचाच फोटो काढला.
त्यातून ती चौकडी कापली, सहा इंच बाय सहा इंच,
जे नाही त्याचं ठिगळ,
आणि जिथली तिथे लावलं.
कडा दोनदा तपासल्या. हे काम मला येतं.

दुकानातल्या पोरानं कापडावर छापून आणलं,
काउंटरवर पसरलं, हात फिरवत गेला,
तिसऱ्या ओळीत थांबला.
म्हणाला, बाई, ही चौकडी फार सुरेख आहे हो,
असलं कापड आता मिळत नाही. कुणाचं?

लिअँडर किपिंगच्या घरचं, म्हटलं.
पडदे होते का?

मी पैसे मोजत होते.
म्हटलं, नाही. त्याच्याकडे पडदे नव्हते.
त्याला खिडकीतून सगळी खाडी दिसायची.