दारं

पाथर्डी फाट्याकडून येणारा रस्ता
आमच्या चौकात जिथं खांदा पाडतो,
तिथं दर ऑगस्टात घोटाभर पाणी,
आणि त्या पाण्याच्या मधोमध
कमरेएवढ्या कठड्यावर, लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या आत
तहानेनं वाळलेली तगर.

टँकर यायचा तिच्यासाठी. भर पावसाळ्यात.
त्याच्या बिलावर मी सही केली आहे, दोनदा.

मग मी नकाशा काढला:
वाफा रस्त्यापेक्षा वीतभर खाली,
कठड्याला दर सहा फुटांवर खाच,
खाचेपाशी गोटे, पाण्याचा जोर मोडायला,
तळाला खडी, तिच्यावर वाळू, वर पालाखत मिसळलेली माती,
जास्तीच्या पाण्यासाठी एक उभा पाइप, तोंडाशी जाळी.
खाचेला मी पुस्तकातला इंग्रजी शब्द लिहिला होता.

दगूनाना गांगुर्डे, आमचे माळी, निवृत्तीला वर्ष उरलेलं,
कागद उलटा धरून बघत राहिले.
मग म्हणाले, "म्हणजे दारं की हो, मॅडम."

दारं.
मखमलाबादच्या मळ्यात रात्रीची लाइट आली
की बॅटरी काखेत मारून ते दारं धरायला जायचे.
एक वाफा भरला की फावड्याचा एक घाव,
दुसऱ्याचं तोंड उघडं.
मी चार वर्षं शिकून जे काढलं होतं
ते त्यांच्या पावलांना अंधारात येत होतं.

तरी पहिला वाफा आम्ही बुडवलाच.
ठेकेदारानं वाळूच्या जागी काळी माती ओतली,
कुठल्याशा पायाच्या खड्ड्यातून फुकट निघालेली.
ती फुगली आणि तोंड मिटून बसली.
तीन दिवस पाणी हललं नाही.
डासांची तक्रार आली, फोटोसकट.
सोसायटीचे अध्यक्ष धात्रक यांनी विचारलं,
"हे उद्यान आहे का डबकं?"
मी काही बोलले नाही. डबकंच होतं.
अडुळसा उपटला तेव्हा मुळांना वास येत होता,
डब्यात विसरलेल्या भाजीला येतो तसा.

दिवाळीनंतर सगळं उकरलं.
नानांनी हातभर खड्डा घेतला, बादली ओतली,
घड्याळ काढून बसले, बिडी न पेटवता.
"दोन तासांत चार बोटं. पुन्हा भरा."
पहिल्यांदा काय, कुठलीही माती पितेच, म्हणाले,
खरं कळतं ते दुसऱ्या बादलीला.

रोपांची यादी त्यांनी सांगितली, मी लिहून घेतली.
तळात वाळा आणि लव्हाळा:
त्यांना बुडण्याचं भय नाही, मे महिन्याचंही नाही.
उतारावर निर्गुंडी, गवती चहा.
कर्दळ थोडीशी, धात्रकांना फुलं हवीत म्हणून.
तगर मी मागितली.
"काठावर," ते म्हणाले, "एकच."

परवा गोदेला पूर होता.
दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागल्याचे फोटो
सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होते.
मी चौकात छत्री धरून उभी.
रस्त्यावरून पाणी आलं, तेलाची चकाकी घेऊन,
गुटख्याच्या पुड्या, एका पायाची चप्पल घेऊन;
गोट्यांवर अडखळलं,
आत वळलं.
पाइपाच्या जाळीखाली बोटभर थांबलं.
चप्पल दारातच अडकली.

हा एक वाफा आहे. चाळीस फूट बाय चार.
वरच्या अंगाला किती काँक्रीट आहे ते मला ठाऊक आहे,
मोजमापं मीच घेतली आहेत.
मारुतीला काही फरक पडला नसणार.

काल संध्याकाळी नानांचा फोन आला,
निवृत्त होऊनही.
"उतरलं का?"
"उतरलं. एका दिवसात."
"आत पाय घालून बघितला?"
नव्हता बघितला. फोन कानाशी धरूनच
सँडल काढल्या, वाळ्यात उतरले.
माती गार होती, घट्टसर. घोटा रुतला नाही.
सांगितलं.

"मग पुढच्याचं तोंड उघडा," ते म्हणाले.

पुढच्याची फाइल लेखा विभागात पडून आहे.
ते मी त्यांना सांगितलं नाही.